धुराच्या वीस गाठी

आबांना दिसायचं बंद झालं त्याला अकरा वर्षं झाली, आणि भट्टी त्यांनी त्यानंतरच खरी चांगली लावायला सुरुवात केली, असं ते स्वतः सांगत. डोळे होते तेव्हा म्हणे ते धुराकडे बघायचे आणि स्वतःचीच समजूत घालायचे. आता दुसऱ्याच्या डोळ्यांनी बघायचं, म्हणजे समजूत घालायला वावच नाही. ऐकणारा हसला की ते आणखी एक पायरी चढत. धुराचा रंग आपल्याला नाकानेसुद्धा कळतो, काळा धूर उजव्या नाकपुडीला आधी लागतो आणि पांढरा डावीला. पण नाकपुडीच्या भरवशावर बारा हजार विटा भाजायला काढाव्यात इतके काही आबा खुळे नव्हते. त्यांना डोळे लागत, आणि ते डोळे सुनेचे होते.

भट्टीवरची कामं त्या घरात ठरलेली होती. मुलगा भट्टीच्या तोंडाशी बसून भुसा आणि लाकूड घालायचा. तोंडाशी बसलेल्याला धूर दिसत नाही, दिसतो तो फक्त डोळ्यांत जाणारा. म्हणून बघणारा चाळीस पावलं लांब हवा. सून घराच्या पुढच्या खोलीच्या खिडकीत उभी राहायची. खिडकीखाली बाहेरच्या अंगाला एका दगडावर आबा. ती रंग सांगायची, आबा मुलाला हुकूम सोडायचे. पांढरा म्हणजे विटांतलं पाणी अजून निघतंय, दमाने घे. काळा म्हणजे भुसा जास्त आणि वारा कमी, तोंड उघड. निळा म्हणजे नीट चाललंय, हात लावू नको.

आणि प्रत्येक हाकेला आबा मांडीवरच्या सुतळीला एक गाठ मारायचे. पांढऱ्याला साधी गाठ. काळ्याला चिंधी अडकवलेली. निळ्याला दुहेरी. एका भट्टीची एक सुतळी. भट्टी थंड होऊन उघडली की आबा एका हाताने विटा चाचपायचे, दुसऱ्या हाताने सुतळी, आणि कुठल्या वेळचा कुठला धूर कुठल्या कोपऱ्याला बाधला याचा हिशेब लावत बसायचे. पुढच्या खोलीत खुंट्यांवर अकरा वर्षांच्या सुतळ्या लोंबत होत्या. नवीन माणूस आला की त्याला वाटायचं, या घरात जनावरं पुष्कळ दिसतात, आणि दावी सोडून सगळी पळून गेलेली दिसतात.

सून लग्न होऊन आली तेव्हा बारावी झालेली होती. नंतर आठ वर्षं चिखल तुडवण्यात आणि साचे मारण्यात गेली. तीन वर्षांपूर्वी तिने ऑनलाइन विद्यापीठात नाव घातलं. विषय माती. आबा म्हणाले होते, "माती शिकायला परीक्षा कशाला? तुडव की, शिकशील."

"तुडवल्याचं प्रमाणपत्र मिळत नाही, आबा."

"माझ्या टाचा बघायला सांग त्यांना."

पण विरोध असा कोणी केला नाही. तीन वर्षं ती दुपारी हात धुऊन लॅपटॉप उघडायची. लॅपटॉप नवऱ्याने कुणा ओळखीच्याकडून आणलेला, जुना, पंख्याचा आवाज पिठाच्या गिरणीसारखा. कळा चिखलाने इतक्या माखायच्या की काही अक्षरं तिला बोटांच्या सवयीनेच सापडायची. शेवटच्या परीक्षेचा शेवटचा पेपर राहिला होता. बाजाराच्या गावात नवीन माती तपासणी केंद्र उघडलं होतं, तिथे तिची मुलाखत झाली होती, आणि केंद्राच्या साहेबांनी सांगितलं होतं की जागा तुमची, फक्त पुढच्या महिनाअखेरपर्यंत पास झाल्याचा कागद आणून द्या. एक तारखेला नाही, महिनाअखेरपर्यंत.

पेपरच्या आदल्या दिवशी आभाळ भरून आलं. मोसम नव्हता, कुणी बोलावलंही नव्हतं. बारा हजार कच्च्या विटा उघड्यावर. कच्ची वीट पावसात भिजली की ती वीट राहत नाही, चिखल होतो, आणि दोन महिन्यांची पाठ, खांदे, गुडघे सगळं परत जमिनीत जातं. दिवसभर तिघांनी मिळून विटा भट्टीत रचल्या, आणि पहाटे भट्टी पेटवली.

"पेपर दहा ते एक," सून म्हणाली.

"भट्टी आता ते परवा," आबा म्हणाले.

दोघंही खरं बोलत होते, म्हणून वाद झाला नाही. तिने टेबल खिडकीशी ओढलं, लॅपटॉप असा ठेवला की मान थोडी वळवली तर धूर दिसावा. दहाच्या ठोक्याला आबांनी सुतळीत एक काडी अडकवली. घरात काही मोठं घडलं की गाठींच्या मध्ये काडी, ही त्यांची रीत. लेकीकडचा नातू झाला तेव्हाची काडी अजून तिसऱ्या खुंटीवर आहे.

मग तीन तास असे गेले. ती एक प्रश्न वाचायची, उत्तरावर खूण करायची, मान वळवायची, ओरडायची, "पांढरा!" खालून आबा, "पोरा, दमाने!" पुन्हा प्रश्न. पुन्हा मान. "काळा!" "तोंड उघड, आळशा!" मध्येच एकदा इंटरनेट गेलं आणि परीक्षेने तिला बाहेर टाकलं. फोन हातात धरून ती खिडकीत रेंज शोधत उभी राहिली, पण समोर धूर दिसला म्हणून सवयीने हाक गेलीच. मग रेंज आली, परीक्षेने आत घेतलं. एक वाजता तिने शेवटची खूण केली आणि आबांनी दुसरी काडी अडकवली. पाऊस चार थेंब टाकून निघून गेला. नुसतं तोंड दाखवायला आलेल्या पाहुण्यासारखा.

परीक्षा देणाऱ्याकडे लॅपटॉपचा कॅमेरा सतत बघत असतो आणि कान देऊन ऐकतही असतो, हे तिला माहीत होतं. कॅमेऱ्याला भट्टी माहीत नव्हती, हे मात्र तिच्या डोक्यात आलं नाही.

*

पंधरा दिवसांनी निकाल लागला. पाच पेपरांसमोर गुण होते. सहाव्यासमोर लिहिलं होतं: निकाल राखून ठेवला. गैरप्रकाराचा संशय.

खाली बारीक अक्षरांत होतं की विद्यार्थिनी वारंवार पडद्यावरून नजर हटवून बाहेरच्या व्यक्तीशी सांकेतिक शब्दांत बोलत होती, आणि गैरप्रकार सिद्ध झाल्यास दोन वर्षं परीक्षेस बसता येणार नाही.

तिने ते तीनदा वाचलं. मग उठून साचे धुवायला गेली. धुतलेलेच साचे पुन्हा धुतले.

बातमी घरातून कोणी सांगितली नाही, तरी संध्याकाळपर्यंत पलीकडच्या शिंपिणीकडे पोचली होती. शिंपिणीच्या मशीनचा पाय थांबत नसे आणि तोंडही. "कॉपीत धरलं म्हणे गं तुला? घरबसल्या? मला वाटलं होतं घरी धरत नाहीत."

"कॉपी नाही. भट्टीचा धूर बघत होते."

"असंच म्हणायचं असतं," शिंपीण समजूतदारपणे म्हणाली, आणि दोऱ्याचं टोक दाताने तोडलं.

मागच्या भट्टीच्या विटा भरायला आलेले गाडीवालेही दुसऱ्या दिवसापासून तिला बघून एकमेकांना हाका मारायला लागले. "पांढरा!" "काळा!" आणि हसून हसून विटा पाडायला लागले. नवरा एकावर धावून गेला. तिने त्याला सदऱ्याला धरून मागे ओढलं.

"जाऊ दे ना ते," नवरा रात्रीच्या जेवणाला म्हणाला. "भट्टी आहे की आपली. दोन वर्षांनी परत दे पेपर."

"दोन वर्षं जागा राखून ठेवतील का ते? तेवीस दिवस राहिलेत महिनाअखेरीला."

"मग काय करणार?"

"तक्रार करणार."

आबांनी घास थांबवला. तक्रार म्हटलं की त्यांच्या अंगातली दहा वर्षं कमी व्हायची. "कागद घे," ते म्हणाले. "मी सांगतो."

विद्यापीठाच्या संकेतस्थळावर तक्रार निवारण नावाचं पान होतं. तिने ते उघडलं आणि आबांनी सांगायला सुरुवात केली. आधी पेपरचं सांगितलं. मग म्हणाले, इंटरनेट वेळेवर नसतं तेही घाल. मग, पुस्तकं दोन महिने उशिरा आली होती तेही. मग, मदतीचा फोन लावला की गाणं वाजतं आणि गाणंही पूर्ण वाजवत नाहीत. मग भट्टीकडे येणारा रस्ता. मग विजेचा खांब वाकडा. सुनेने दोनदा विचारलं, "आबा, खांब विद्यापीठाचा नाही." आबा म्हणाले, "वाचणारा सरकारी नोकर असणार ना? कुणाला तरी ओळखत असेल." खाली रकाने होते, त्यात तिने जमेल ते भरलं. तक्रार गेली. पडद्यावर एक लांबलचक क्रमांक आला. आबांनी तो पाठ केला आणि येईल त्याला म्हणून दाखवला.

तिसऱ्या दिवशी उत्तर आलं. एका अर्जात एकाहून अधिक विषय असल्याने व आवश्यक तपशील नसल्याने तक्रार बंद करण्यात येत आहे.

"बंद?" आबा म्हणाले. "वाचली का त्यांनी?"

"वाचली असणार. खांबापर्यंत."

सून मात्र गप्प बसली नाही. तिने मदतीचा फोन लावला. गाणं वाजलं. ती गाणं ऐकत नव्या कच्च्या विटा उलथत राहिली, फोन खांदा आणि कान यांच्यामध्ये दाबलेला. चाळीस विटा झाल्या तेव्हा पलीकडून एका बाईंचा आवाज आला. तक्रार विभागातल्या होत्या. आवाज थकलेला होता, पण तुटक नव्हता.

"ताई, रडू नका."

"मी रडत नाही. विटा उलथतेय, त्याचा श्वास आहे."

मग बाई मोकळेपणाने हसल्या, आणि त्या हसण्यानंतर नीट बोलायला लागल्या. "हे बघा. नवीन तक्रार करा. एकच विषय. विषयांच्या यादीत 'परीक्षा' निवडा, 'इतर' नाही. 'इतर' मध्ये टाकलं की ते फिरत बसतं. पेपरचा क्रमांक, तारीख, वेळ. काय झालं ते झालं तसं, क्रमाने. राग नको. तुम्हाला काय हवंय ते शेवटी एका ओळीत. पुरावा असेल तो जोडा. आणि मागच्या बंद झालेल्या तक्रारीचा क्रमांक द्या, म्हणजे पहिल्यापासून कळेल."

"उत्तर किती दिवसांत?"

"पंधरा. निर्णय पटला नाही तर वर समितीकडे अपील. तिथेही नाही पटलं तर लोकपाल आहेत. पण मी सांगते, पुरावा असेल तर सुनावणी मागा. तुमचा हक्क आहे तो. कॅमेऱ्यावरच होते, यायला नको. आणि तारखेची घाई असेल तर तेही लिहा, कागद जोडून."

"पुरावा म्हणून घरातले साक्षीदार चालतील?"

"नुसते घरातले..." बाई थांबल्या. "घरातले तुमच्याच बाजूने बोलणार, असं समिती म्हणते."

सुनेने फोन ठेवला. पुरावा. खिडकीला काय विचारायचं, की धुराला? धूर तर त्याच दिवशी गेला.

*

त्याच दुपारी भट्टी उघडली. ती थंड व्हायला इतके दिवस लागले होते. नवरा वरच्या विटा काढत होता, सून त्या रांगेत लावत होती. मधल्या विटा बोटाने वाजवल्या तर घंटेसारख्या वाजत होत्या. पण डावीकडच्या मागच्या कोपऱ्यातून एकापाठोपाठ एक खंगर निघायला लागले. खंगर म्हणजे जास्त आच लागून काळी पडलेली, वितळून एकमेकींना चिकटलेली वीट. भिंतीला निरुपयोगी, भांडणात फेकायला उत्तम.

आबा दगडावर बसले होते. डाव्या हातात एक खंगर, उजव्या हातात सुतळी. अंगठा गाठींवरून सरकत होता.

"तुझा पेपर सुरू झाल्यावर," ते मुलावर ओरडले, "म्हणजे काडीनंतर सहावी, सातवी, आठवी. तीन चिंध्या एकामागे एक! तीनदा काळा सांगितला हिने, आणि तू तोंड उघडलं नाहीस. झोपला होतास?"

"पेपर माझा नव्हता, हिचा होता," नवरा म्हणाला.

सुनेच्या हातातली वीट तशीच राहिली.

"आबा, काय म्हणालात?"

"झोपला होता म्हणालो."

"नाही, त्याआधी. काडीनंतर."

"सहावी, सातवी, आठवी. काळा, काळा, काळा."

"आणि पहिली?"

आबांनी अंगठा मागे नेला. "पांढरा. दुसरी पांढरा. तिसरी पांढरा. चौथी काळा." ते थांबले. "का गं?"

सून राखेच्या हातांनी तिथेच खाली बसली. तिला आपण काय काय ओरडलो ते अजिबात आठवत नव्हतं. तीन तासांतलं कुणाला आठवेल? सगळं ओरडणं विद्यापीठाकडे होतं, कॅमेऱ्याने टिपलेलं, आणि ते तिला कुणी ऐकवलेलं नव्हतं. आणि इकडे सुतळीवर तेच सगळं गाठींत होतं, जे विद्यापीठाने पाहिलेलं नव्हतं. दोन्ही एकमेकांशेजारी ठेवली तर?

"आबा," ती म्हणाली, "ही सुतळी कुणाला देऊ नका. सोडू नका. धुऊ पण नका."

"सुतळी कोण धुतं?" आबा म्हणाले.

संध्याकाळी तिने नवीन तक्रार लिहिली. आबा शेजारी बसले होते आणि खांबाचा विषय दोनदा त्यांच्या ओठांवर येऊन परत गेला. तिने एकच विषय लिहिला. दहा ते एक. खिडकी, धूर, हाका. सुतळीचा फोटो जोडला, भट्टीचा फोटो, खिडकीतून भट्टी दिसते तो फोटो, केंद्राचं पत्र. शेवटची ओळ लिहिली: परीक्षेच्या ध्वनिचित्रफितीतील माझ्या हाका आणि सुतळीवरील गाठी समितीसमोर ताडून पाहाव्यात, आणि त्या जुळल्यास माझा निकाल जाहीर करावा. मग तिने बोट थोडा वेळ अधांतरी धरलं आणि दाबलं.

*

सुनावणी नवव्या दिवशी होती, सकाळी अकराला. घरात रेंज तुटायची म्हणून त्यांनी फोन भट्टीशेजारी, जिथे ती सगळ्यात चांगली यायची, तिथे विटांच्या थप्पीवर टेकवला. सुनेने धुतलेली साडी नेसली होती. नवऱ्याने कधी नव्हे ते केस विंचरले होते. आबांनी दाढी केली होती, स्वतःच, आणि हनुवटीवर दोन ठिकाणी ते दिसत होतं.

पडद्यावर तीन चौकोन उघडले. एकात अध्यक्ष बाई, पिकलेले केस, चष्मा कपाळावर. दुसऱ्यात परीक्षा विभागाचे सर, भांग पट्टीने मारल्यासारखा सरळ. तिसऱ्यात तक्रार विभागातल्या त्या फोनवाल्या बाई. त्यांनी सुनेकडे बघून मान हलवली आणि लगेच तोंड सरळ केलं.

"आजोबा, कॅमेऱ्याकडे बघा जरा," अध्यक्ष बाई म्हणाल्या. आबा विटांच्या थप्पीकडे तोंड करून बसले होते.

"बघायचं काम सुनेकडे आहे," आबा म्हणाले. "माझ्याकडे गाठींचं आहे."

नवऱ्याने त्यांना खांद्याला धरून वळवलं. सरांनी घसा साफ केला. "विद्यार्थिनीला आधीच विचारतो. परीक्षेच्या वेळी बोलायचं नाही, नजर हलवायची नाही, हा नियम माहीत होता?"

"होता, सर."

"तरी बोललात."

"बोलले. चूक झाली. भट्टीची आणि परीक्षेची वेळ एक आली. आधी कळवून वेळ बदलून मागता येते, हे मला माहीत नव्हतं. पण उत्तर मी कुणाला विचारलं नाही. मी रंग सांगत होते, आबा हुकूम देत होते."

"सुतळीच्या गाठी तर काल रात्रीही मारता येतात," सर म्हणाले.

"येतात की," आबा म्हणाले. "पण काय मारायच्या ते काल रात्री कुणी सांगितलं असतं मला? तुमच्याकडचं तुम्ही कुठे ऐकवलंत?"

अध्यक्ष बाईंनी कपाळावरचा चष्मा नाकावर घेतला. "बरोबर आहे. ध्वनिचित्रफीत विद्यार्थिनीकडे नव्हती. सर, तुम्ही फीत बघा. आवाज बंद ठेवा, फक्त तुमच्या कानात ऐका. आजोबा, तुम्ही तुमच्याकडची वाचा. पहिल्या काडीपासून."

आबांनी सुतळी मांडीवर आडवी घेतली. काडी सापडली. त्यांनी अंगठा तिच्यावर ठेवून एक दीर्घ श्वास घेतला, मंत्र म्हणायला लागावं तसा.

"पांढरा."

सर काही क्षण ऐकत राहिले. "पांढरा," ते म्हणाले.

"पांढरा."

"पांढरा."

"पांढरा. चौथी काळा."

"...काळा."

"पांढरा. मग काळा, काळा, काळा. तीन. इथे पोरगा झोपला होता."

"झोपला नव्हतो," नवरा मागून पुटपुटला.

सरांनी तीन वेळा मान हलवली, आणि तिसऱ्या वेळी ती हलवायला त्यांना जरा वेळ लागला. आबांचा अंगठा पुढे सरकत होता. नववी पांढरा, दहावी निळा, अकरावी निळा. प्रत्येक गाठीला सर त्यांच्या कानातलं ऐकून तेच म्हणत होते. सुनेने साडीचा पदर मुठीत धरला होता, तो घामाने ओला झाला होता. तिकडे गाडीवाले गाडी थांबवून उभे होते. आज कुणी हाका मारत नव्हतं.

"बारावी पांढरा," आबा म्हणाले.

सर थांबले. फीत मागे नेऊन पुन्हा ऐकली. "नाही. बारावी हाक निळा आहे."

"पांढरा."

"निळा, आजोबा. मी ऐकतोय."

"आणि मी चाचपतोय. साधी गाठ आहे ही. पांढरा."

सरांचा भांग आणखी सरळ झाल्यासारखा दिसला. "बघा, म्हणजे जुळत नाही. गाठी अंदाजाने मारलेल्या आहेत."

फोनवाल्या बाई खाली बघायला लागल्या. नवरा चुळबुळत होता. एका गाठीसाठी. बारा हजार विटा, तीन वर्षं, सगळं एका साध्या गाठीवर येऊन अडकलं होतं.

"थांबा," अध्यक्ष बाई म्हणाल्या. "आजोबा, तेरावी?"

"निळा."

"चौदावी?"

"निळा. पंधरावी पांढरा."

सरांनी ऐकलं. त्यांचे ओठ हलले. बारावी निळा, तेरावी निळा, चौदावी पांढरा. तीच रांग होती, फक्त एक घर मागे. "एक जास्तीची गाठ आहे मध्ये," ते सावकाश म्हणाले. "बाकी सगळं एक घर सरकवलं की जुळतं. पण ती जास्तीची आली कुठून?"

सुनेने डोळे मिटले आणि त्या दिवसाच्या खिडकीत परत जाऊन उभी राहिली. हातात फोन. समोर...

"मॅडम!" ती इतक्या जोरात म्हणाली की फोन थप्पीवरून घसरला आणि नवऱ्याने तो झेलला. "इंटरनेट गेलं होतं! मध्ये! मला परीक्षेने बाहेर टाकलं होतं. मी खिडकीत रेंज शोधत होते, आणि तेव्हाही हाक मारली. ती फितीत नसणार. फीत तेव्हा बंदच होती!"

अध्यक्ष बाईंनी सरांकडे पाहिलं. "परीक्षेच्या यंत्रणेत संपर्क तुटल्याची नोंद असते ना?"

"असते." सर कळा दाबायला लागले. बराच वेळ फक्त त्यांच्या कळांचा आवाज. मग त्यांचा हात थांबला. आता आवाज मघासारखा नव्हता. "अकरा बावन्न ते अकरा अठ्ठावन्न. सहा मिनिटं. आणि... हो. अकराव्या आणि बाराव्या हाकेच्या मध्ये."

"म्हणजे यंत्राने सोडलेलंही सुतळीवर आहे," अध्यक्ष बाई म्हणाल्या.

"पण निळ्या निळ्यात एकच पांढरा कसा?" सर स्वतःशीच म्हणाले. आता ते भांडत नव्हते, त्यांना खरंच कळून घ्यायचं होतं.

आबांनी मान मुलाच्या दिशेने वळवली. बरोबर त्याच्याच दिशेने. "हेच मी त्या दिवसापासून विचारतोय. ओला भुसा कोणी घातला?"

नवऱ्याने पायाच्या अंगठ्याने जमीन उकरली. "एकच टोपली होती," तो म्हणाला. "सुका संपला होता आणि वखारीपर्यंत जायचा कंटाळा आला होता. म्हटलं, ही पेपरात आहे, हिचं लक्ष नसेल."

फोनवाल्या बाईंनी तोंडावर हात धरला. अध्यक्ष बाईंनी धरला नाही, त्या सरळ हसल्या. गाडीवाले एवढे हसले की बैल पुढे चालायला लागले. सरही हसले. त्यांच्या त्या भांगाखाली असं हसू असेल असं कुणाला वाटलं नसतं.

बाकीच्या पाच गाठी सरांनी तरीही नीट ताडून पाहिल्या, एक न सोडता. आबांना ते फार आवडलं. "काम कसं करावं हे कळतं या माणसाला," ते नंतर सांगत. वीस गाठी, एकोणीस हाका, आणि एक इंटरनेट गेल्याची नोंद.

निर्णय सुनावणीतच वाचून दाखवला. गैरप्रकार झालेला नाही. नियमभंगाबद्दल लेखी समज. निकाल सात दिवसांत जाहीर करावा, आणि केंद्राच्या मुदतीच्या आत. अध्यक्ष बाईंनी शेवटी विचारलं, "काही म्हणायचंय?"

"आभार," सून म्हणाली.

"विजेचा एक खांब..." आबा म्हणाले, आणि नवऱ्याने फोन बंद केला.

*

निकाल पाचव्या दिवशी आला. एकाहत्तर. सून भट्टीकडे चालत गेली, धावत नाही, कारण धावली असती तर पाय थांबले नसते. नवऱ्याला सांगितलं. त्याने भुशाची भरलेली टोपली डोक्यावरून खाली ठेवली आणि दोन्ही हातांनी तोंडावरची राख पुसली. राख गेली नाही, पण जरा ओली झाली. मग म्हणाला, "सुका आहे हा. बघून घे."

दुसऱ्या दिवशी ती बाजाराच्या गावात जाऊन केंद्राच्या साहेबांच्या टेबलावर कागद ठेवून आली. महिना संपायला पाच दिवस होते. परत येताना शिंपिणीने मशीन थांबवलं. कुणाच्या आठवणीत हे पहिल्यांदाच. "सुटलीस का गं?" तिने विचारलं.

"तक्रार निकाली निघाली."

"मला पण एक तक्रार करायचीय. त्या कापडवाल्याची. लिहून देशील?"

"देईन. पण एकच विषय," सून म्हणाली. "आणि राग नको."

"मग राहिलं काय त्यात?" शिंपीण म्हणाली आणि पुन्हा पाय हलवायला लागली.

घरी आली तर विद्यापीठाचा संदेश आलेला: आपली तक्रार निकाली काढण्यात आली आहे. आपण समाधानी असल्यास तारे द्या, एक ते पाच. तिने आबांना वाचून दाखवला.

"चार दे," आबा म्हणाले. "एक ठेव हातात. पहिली त्यांनी वाचली नव्हती."

"पहिलीत खांब होता, आबा."

"मग साडेचार."

कागद त्यांना वाचता येणार नव्हता. गुणपत्रिका त्यांनी हातात घेऊन दोन्ही बाजूंनी चाचपली, एका कोपऱ्याचा वास घेतला आणि परत दिली. "गुळगुळीत आहे," ते म्हणाले, जरा नाराजीने. "कळत नाही काही."

सुनेने खुंटीवरची कोरी सुतळी काढली. दारात बसली आणि गाठी मारायला लागली. साध्याच, एकेक गुणाची एकेक. संध्याकाळ होईपर्यंत एकाहत्तर झाल्या. तिने सुतळी आबांच्या मांडीवर टाकली आणि चूल पेटवायला आत गेली.

आबांनी अंगठा पहिल्या गाठीवर ठेवला. मोजत निघाले, ओठ हलवत, घाई न करता. बाहेर नवरा गाडी भरत होता, विटा विटांवर पडून वाजत होत्या. आबा पन्नासच्या पुढे गेले, साठच्या पुढे गेले. मग अंगठा थांबला. मागे आला. पुन्हा त्याच गाठीवर थांबला.

"सूनबाई!" त्यांनी हाक मारली. "ही अडुसष्टावी ढिली आहे."

आतली फुंकणी थांबली.

"ते उत्तर," ती म्हणाली, "मी अंदाजे ठोकलं होतं."

आबांनी मान हलवली. मग दोन्ही हातांनी ती गाठ ओढून घट्ट केली, एकदा चाचपून बघितली, आणि पुढे मोजायला लागले.